मृग तोंडावर आला, कौलं चाळली का?

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

जुन्या वाड्यांचा विषय निघाला की वडोदऱ्याच्या मराठी घरांत दोनच सूर लागतात. एक हळहळीचा: काय ते खांब, काय तो चौक, आता राहिलं काय! दुसरा हिशेबाचा: पाडा, बिल्डरला द्या, प्रत्येकाला एकेक फ्लॅट येईल. घरात राहून घर राखायचं कसं, यावर मात्र कोणी फारसं लिहीत नाही. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा, वाडी या भागांतल्या सागवानी घरांची डागडुजी करताना जे हाताला कळतं, ते चार वाचकांच्या उपयोगी पडावं म्हणून हे लांबलचक पत्र. अक्षय्यतृतीया होऊन गेली, मृगाला फार दिवस नाहीत, तेव्हा सुरुवात छपरापासून.

इथलं कौलारू छप्पर पावसात गळतं खरं, पण बिघडतं जानेवारीत. उत्तरायणाचे दोन दिवस सगळं शहर छपरावर असतं. कापलेल्या पतंगामागे पोरं कौलांवरून धावतात, आणि वाशी म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या उत्तरायणाच्या रात्री खाली उतरताना कोणी मागे वळून पाहत नाही. उरलेलं वर्षभर वानरं आहेतच. म्हणून पहिली पाहणी जानेवारीतच करावी. मोडलेली कौलं तेव्हा बदलली नाहीत तरी मोजून ठेवावीत आणि पन्हळीत अडकलेला मांजा काढून टाकावा. हा मांजा दिसायला क्षुल्लक, पण त्यात कडुलिंबाची पानं अडकून जो बोळा होतो तो जूनमध्ये पन्हळीचं पाणी थेट भिंतीत घालतो. मांजाला काच असते, तेव्हा हातात जाड मोजे हवेत.

वैशाखातलं काम म्हणजे कौलं चाळणं, म्हणजे ती उचलून, झाडून, मोडलेली बदलून पुन्हा नीट बसवणं. त्याआधी गळकी जागा शोधायची. भर दुपारी माळ्यावर जावं, दिवा लावू नये, डोळे दोन-तीन मिनिटं अंधाराला सरावू द्यावेत. अंधारात उजेडाचे ठिपके दिसू लागतात. ठिपक्याखालच्या रिपेवर, म्हणजे कौलं ज्यावर टेकतात त्या लाकडी पट्टीवर, खडूने फुली मारायची. हे काम घरातल्या मुलांना द्यावं. माळ्यावर तारे मोजायला ती आनंदाने येतात आणि त्यांची नजर मोठ्यांपेक्षा तेज असते. एक गोष्ट त्यांना आधी सांगून ठेवावी: कौलाच्या कडेखालून तिरका येणारा उजेड चालतो, वरून सरळ पडणारा चालत नाही. नाहीतर दोनशे फुल्या होतील आणि त्यातल्या दीडशे निकामी असतील.

वर चढायचं ते मात्र सकाळी, उन्हं तापायच्या आत. मेमध्ये नऊनंतर कौलावर पाय ठेववत नाही आणि घाईघाईत ठेवलेला पाय चुकीच्या जागी पडतो. पाय कौलाच्या मध्यावर कधीच देऊ नये. जिथे एक कौल दुसऱ्यावर चढतं, म्हणजे खाली रीप असते, तिथे द्यावा. दोन-तीन रिपांवर आडवी फळी टाकून फळीवर बसून काम केलं तर सगळ्यात बरं. चढणाऱ्याच्या कमरेला दोर हवा, आणि दोराचं दुसरं टोक आढ्याच्या पलीकडे खांबाला बांधलेलं हवं. 'मी धरतो' म्हणणाऱ्या पुतण्याच्या हातात ते देऊ नये.

मंगळुरी कौलाच्या रिपा एकमेकींपासून साधारण साडेबारा ते तेरा इंचांवर असतात, आणि वरचं कौल खालच्यावर सुमारे तीन इंच चढतं. रीप कुजली, वाकली किंवा कोणीतरी अंदाजाने नवी ठोकली की हे गणित बिघडतं. कौल चांगलं असूनही वाऱ्याचा पाऊस आत येतो. त्यामुळे कौल बदलूनही गळती थांबली नाही तर पट्टी घेऊन रिपा मोजाव्यात. नवं कौल घेताना जुनं नमुन्याला सोबत न्यावं. मोरबीची, मंगळुरी घाटाची, जुन्या बंद पडलेल्या कारखान्यांची, सगळी लांबून सारखी दिसतात, पण प्रत्येक साच्याची खाच वेगळी. न जुळणारं एक कौल शेजारच्या चारांना उचलून धरतं. बोटाच्या पेराने वाजवून पाहावं: खणखणीत वाजलं तर घ्यावं, बद्द वाजलं तर त्याला तडा आहे. शंका असेल तर कडेला मातीचा बांध घालून पालथ्या कौलात पाणी भरावं आणि चोवीस तास ठेवावं. खालून ओलसर दिसलं तर हरकत नाही, थेंब पडला तर परत करावं. मोडलेल्यांच्या जागी लावून झाल्यावर त्याच साच्याची वीस-पंचवीस कौलं माळ्यावर उभी रचून ठेवावीत. आडवी रचली तर सगळ्यात खालची मोडतात.

देशी नळीची कौलं ज्यांच्याकडे अजून आहेत त्यांचं काम जास्त असतं, कारण ती नुसती एकावर एक बसवलेली असतात आणि दरवर्षी घसरतात. ती खालून वर अशी ओळीने उचलून, झाडून, पुन्हा बसवावी लागतात. घरचे पाच-सहा जण साखळीने उभे राहिले तर दोन सकाळींत छपराची एक उतरती बाजू, म्हणजे एक पाख, होते. कौलं खाली देणारा, झाडणारा, फुटकी वेगळी काढणारा, पुन्हा वर देणारा. बोलायला इतका निवांत वेळ एरवी कुठल्या कामात मिळतो? फुटक्यांचे तुकडे टाकू नयेत; कुंड्यांच्या तळाला उपयोगी पडतात.

गळती थांबवायला कौलांच्या सांध्यांत सिमेंट भरू नये. दुपारी तापून कौल फुगतं, रात्री आकसतं. सिमेंट त्याच्याबरोबर हलत नाही, म्हणून पहिल्याच उन्हाळ्यात चीर पडते. त्या चिरेतून गेलेलं पाणी सिमेंटमुळे बाहेर येत नाही आणि खालच्या रिपेत मुरतं. फक्त आढ्यावरची कोन-कौलं चुन्याच्या मसाल्यात बसवायची. दोन पाखी जिथे आतल्या कोनात मिळतात तिथला पत्रा दर दोन वर्षांनी उचलून खालून पाहावा, कारण सडायला सुरुवात तिथून होते आणि वरून काही कळत नाही.

छप्पर झालं की पन्हळी आणि नळ. वरून एक बादली पाणी ओतावं आणि खाली उभं राहून पाहावं: सगळं पाणी लगेच आलं पाहिजे. अर्धं आलं आणि उरलेलं रेंगाळत आलं तर मध्ये बोळा आहे. पहिल्या जोरदार पावसानंतर ही बादली पुन्हा ओतायची, कारण छपरावर उरलेली माती तेव्हा खाली आलेली असते. भिंतीत पिंपळाचं रोप दिसलं तर ते बोटभर असतानाच मुळासकट काढावं. हातभर झालेलं ओढू नये, त्याच्याबरोबर विटाही येतात. ते बुंध्याशी कापून ताज्या कापावर लगेच तणनाशक लावावं, मूळ मेल्याची खात्री झाली की फट चुन्याने भरावी. नुसता शेंडा छाटणं म्हणजे त्याला मूळ जाड करायला वेळ देणं.

आता चुना. या पत्राचा खरा विषय हाच.

वडोदऱ्याचं जुनं घर म्हणजे सागाचा सांगाडा, त्यात भरलेली वीट, आणि विटेवर चुन्याचा गिलावा. ही भिंत पायाकडून पाणी पिते आणि अंगभर बाहेर टाकते. चुना सच्छिद्र असल्यामुळे ओल हवेत उडून जाते आणि भिंत दोन-अडीच फुटांच्या वर सहसा ओली होत नाही. यावर कोणीतरी चार फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा करतो, वर ऑइल पेंटचा पट्टा ओढतो. कडिया, म्हणजे इथला गवंडी, खूष, घरमालक खूष, भिंत दोन वर्षं गुळगुळीत. मग चार फुटांच्या वर, सिमेंट संपतं तिथे, ओलीची रेघ उमटते. पाण्याला बाहेर पडायची वाट बंद झाली म्हणून ते वर चढलं, एवढंच. त्याच्याबरोबर क्षार चढतात, सिमेंटच्या मागे त्यांचे खडे होतात, आणि ते खडे विटेचा पापुद्राच उडवतात. याला लोणा लागला म्हणतात आणि दोष विटेला देतात.

असा सिमेंटचा गिलावा काढायचा तर लहान छिन्नी तिरकी धरून, ओलीच्या रेघेच्या एक फूट वरपर्यंत काढावा. मात्र सिमेंटबरोबर विटेचा चेहराही निघत असेल तर थांबावं. काही ठिकाणी तो राहू देणंच कमी नुकसानीचं असतं. निघाला तर उघडी वीट दिवाळीपासून मेपर्यंत तशीच ठेवावी. पाहुण्यांपुढे लाज वाटते, वाटू द्यावी. लोणा कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत धरावा आणि घराबाहेर टाकावा. पाण्याने धुतला तर क्षार पुन्हा आत जातात. जास्त असेल तर कागदाचा लगदा किंवा स्वच्छ माती पाण्यात कालवून अर्धा इंच जाड लेप द्यावा, पूर्ण वाळू द्यावा, आणि सोलून फेकून द्यावा. क्षार लेपात येतात. दोन-तीनदा करावं लागतं. त्यानंतर सांधे अर्धा-पाऊण इंच खोल खरवडून चुन्याने भरायचे आणि गिलावा करायचा.

खालच्या ओलसर पट्ट्याला एक भाग मुरलेला चुना, एक भाग सुरखी, दोन भाग वाळू. वरच्या कोरड्या भिंतीला एक भाग चुना, तीन भाग वाळू. सुरखी कमी भाजलेल्या विटेची दळलेली हवी. वाडा पाडल्यावर मिळालेली लोणा खाल्लेली वीट दळून चालणार नाही, तिने क्षार पुन्हा घरात येतात. वाळू मुठीत दाबून सोडावी. तळव्याला माती चिकटली तर ती धुवावी. एका थराची जाडी १० मिलिमीटरच्या वर नको. पहिला थर टणक होऊ द्यायचा, ओला करायचा, मग दुसरा. आठ-दहा दिवस गोणपाट ओला करून लटकवायचा आणि दिवसातून दोन-तीनदा पाणी शिंपडायचं. चुन्याच्या गिलाव्याला चिरा पडल्या म्हणजे माल वाईट, असं म्हणतात. बहुतेक वेळा दोन थरांचं काम एका थरात उरकलेलं असतं, किंवा समोर पंखा लावलेला असतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी ज्या घरांत शिरलं त्यांच्यासाठी दोन ओळी. पुरात भिजलेली भिंत सुकायचा ठोकताळा म्हणजे जाडीच्या दर इंचाला एक महिना. १८ इंची भिंतीला दीड वर्ष. पूर ओसरल्यावर दिवाळीच्या आत ज्यांनी गिलावा करून पुट्टी मारली, त्यांच्या भिंतींना आता फुगे आले असतील. ते फोडून पुन्हा पुट्टी मारू नये. काढावी, भिंत उघडी ठेवावी, खिडक्या उघडाव्यात, कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढावीत.

रंगसफेदीचा चुना घरी विरवायचा तर कळीचा, म्हणजे अजून पाणी न लागलेला, दगडी चुना आणावा. दहा बाय बाराच्या एका खोलीच्या भिंतींना, तीन हातांसाठी, पाच किलो कळी साधारण पुरते. किलोला पाच लिटर पाणी, म्हणजे २५ लिटर. भांडं लोखंडी ड्रमच हवं, प्लास्टिकची बादली वितळते. ड्रममध्ये आधी पाणी आणि त्यात थोडी थोडी कळी. कळीवर पाणी ओतलं तर ती अंगावर उडते. चष्मा घालावा, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालावा, लहान मुलं आणि मांजर आत ठेवावीत. डोळ्यात गेला तर चोळायचं नाही, वाहत्या स्वच्छ पाण्याने वीस मिनिटं धुवायचं आणि तडक डॉक्टरकडे. चोवीस तास तसाच ठेवून दुसऱ्या दिवशी जाड फडक्यातून गाळावा. गाळणं म्हणजे आजीचं खातं. फडकं किती पिळायचं आणि तळाचा गाळ कुठे थांबवायचा हे शिकवून येत नाही, शेजारी बसून येतं. मग १०० ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घालावा. पांढरेपणासाठी नीळ, पण किलोला तीन ग्रॅमपेक्षा जास्त नको, नाहीतर खोली दवाखान्यासारखी दिसते. बुरशी धरणाऱ्या मोरीत चिमूटभर मोरचूद चालतो. मीठ घालायची जुनी सवय काही घरांत आहे, ती सोडावी. मीठ ओल ओढतं.

भिंत आधी पाण्याने भिजवायची. पहिला हात इतका पातळ की लावताना काही लागलं असं वाटू नये. चुना वाळताना पांढरा होत जातो; ओला असताना पांढरा दिसला तर तो जाड लागला. दोन हातांमध्ये एक रात्र. डिस्टेंपर किंवा ऑइल पेंटवर चुना धरत नाही, ते आधी पूर्ण उतरवायला हवेत.

चुन्याची सफेदी हाताला लागते, कपडे पांढरे होतात, ही तक्रार जुनीच आहे. तिचं कारण बहुतेक वेळा महिना असतो. चुना नुसता वाळून घट्ट होत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून तो पुन्हा दगड होतो, आणि ते व्हायला थोडा ओलावा लागतो. मे महिन्यात, शाळेला सुट्टी आणि हाताशी माणसं म्हणून सफेदी काढली, तर पाणी तासाभरात उडून जातं आणि भिंतीवर राहते भुकटी. दसरा ते दिवाळी हा सफेदीचा काळ कोणा शास्त्राने लिहून ठेवला असेल नसेल, पण तेव्हा भिंतीत पावसाची थोडी ओल असते, ऊन मऊ झालेलं असतं, आणि चुना पकडतो. दिवाळीत पाहुणे येतात म्हणून सफेदी, हे कारण नंतरचं असावं! तांबेकर वाड्यातली १९व्या शतकातली भित्तिचित्रं चुन्याच्या गिलाव्यावरच आहेत, हे ज्यांना चुना कच्चा माल वाटतो त्यांनी एकदा जाऊन पाहावं. वाडा संरक्षित आहे, आणि दांडिया बाजारातून चालत दहा मिनिटांवर.

भिंतीला तडा असेल तर घाबरण्याआधी तारीख घालावी. तड्यावर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवून वर तारीख लिहायची. वर्षभरात पट्टी तुटली नाही तर तडा जुना, चुन्याने भरून टाका. मेमध्ये रुंदावणारा आणि श्रावणात मिटणारा तडा काळ्या मातीचा असतो. ती सुकली की आकसते, भिजली की फुगते. असा तडा भरून उपयोग नाही, पायाजवळ साचणारं पाणी वळवायला हवं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका जाणारा, बोट शिरेल एवढा तडा किंवा लवलेली तुळई दिसली की मात्र घरगुती उपाय बंद. स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवावा, आणि त्याला सांगावं की भिंत चुन्याची आहे, म्हणजे तो सिमेंटचं इंजेक्शन सुचवण्याआधी दोनदा विचार करेल.

लाकडाचे शत्रू दोन, आणि उपाय वेगळे. वाळवी, म्हणजे इथली उधई, मातीच्या नळ्या काढून येते. तिला ओल लागते. घूण कोरड्या लाकडात असतो. बारीक भोकं आणि खाली पिठासारखी भुकटी. पहिल्या पावसानंतर सकाळी खिडकीत पारदर्शक पंखांचा ढीग पडलेला दिसला तर वाळवीचं बिऱ्हाड घरातच कुठेतरी आहे. तुळयांची टोकं जिथे भिंतीत शिरतात आणि चौकटीचे पाय जिथे जमिनीला टेकतात, तिथे स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहावं. सागाचा गाभा वाळवीला सहजी हार जात नाही, पण पांढरा सालाकडचा भाग जातो. नळी सापडली तर सगळी पुसून टाकू नये. दोन इंच मोडावी आणि तीन दिवसांनी पाहावी. पुन्हा बांधली तर वाळवी चालू आहे. आधी ओलीचं कारण काढावं, मग परवानाधारक माणसाकडून औषध. रॉकेल आणि गाडीचं जळकं तेल फासणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की आपण घराच्या खांबाला आगीची तयारी करून ठेवत आहोत.

खांब-तुळयांना जवसाचं उकळलेलं तेल. पहिल्या हाताला तेल आणि टर्पेंटाइन निम्मे-निम्मे, म्हणजे ते आत मुरतं. दुसऱ्या हाताला तेल तीन भाग, टर्पेंटाइन एक भाग. लावून वीस मिनिटांनी वर राहिलेलं कोरड्या फडक्याने पुसून काढायचं, नाहीतर चिकट थर होतो आणि त्यावर वर्षभराची धूळ बसते. ही तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चुरगाळलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. बाहेर दोरीवर एकेक पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

जुना ऑइल पेंट काढायची हौस अनेकांना येते, कारण खाली नक्षी असते. त्या रंगात शिसं असण्याची शक्यता धरूनच चालावं. घरगुती रंगांतलं शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, आणि वाड्यांचे रंग त्याच्या किती तरी आधीचे. म्हणून कोरडा सँडपेपर आणि तारेचा ब्रश नको. ओलं करून, रंग काढायचं द्रावण लावून, लाकडी पट्टीने काढावा. गर्भवती सून आणि लहान मुलं त्या दिवसांत दुसऱ्या घरी राहू द्यावीत.

दारं पावसात फुगतात. भाद्रपदात रंधा मारला की माघात बोटभर फट. साबणाची वडी किंवा मेणबत्ती कडेला घासावी आणि थंडीपर्यंत थांबावं. बिजागरीचे स्क्रू सैल झाले असतील तर भोकात सागाची काडी सरस लावून ठोकावी, मग स्क्रू. अर्ध्याहून जास्त 'फुगलेली' दारं खरं तर बिजागरीने खाली आलेली असतात.

आणि झोपाळा. वडोदऱ्याच्या घरात सगळ्यात जास्त वापरली जाणारी वस्तू हीच, आणि वर्षानुवर्षं कोणी वर पाहत नाही. चार मोठी माणसं बसली की अडीचशे-तीनशे किलो होतात, झोका घेताना त्याहून जास्त ताण वरच्या कड्यांवर येतो. वर्षातून एकदा, नवरात्राच्या आधी, झोपाळा पूर्ण उतरवावा. पितळी सळ्यांचे आकडे एकमेकांत घासून जिथे बारीक होतात तिथे बोट फिरवावं. चतुर्थांश जाडी गेली असेल तर तो आकडा बदलावा. वरची कडी तुळईतच हवी, दोन तुळयांमधल्या फळीत नको. तुळईभोवती लोखंडी पट्ट्याने धरलेली कडी नुसत्या आटे पाडलेल्या कडीपेक्षा भरवशाची. ग्रीस अगदी थोडं, आणि जास्तीचं पुसून. उतरवलेला झोपाळा ओट्यावर ठेवून सगळ्यांनी मिळून सळ्या चिंच-मिठाने घासणं हा दीड तासाचा उद्योग आहे. आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना त्यात बसता येतं, आणि तो संपेपर्यंत कोणीतरी सेव-उसळ आणलेली असते. पुन्हा टांगल्यावर पहिला झोका रिकाम्या झोपाळ्याला द्यावा आणि कान देऊन ऐकावं.

विजेबद्दल थोडक्यात. कापडी वेष्टणाची जुनी वायर अजून असेल तर ती आधी, बाकी सगळं नंतर. दीड टनी एसीला स्वतंत्र ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हवी. ओल्या भिंतींच्या घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच प्रवाह तोडणारा स्विच) नसणं म्हणजे जुगार, आणि त्याचं चाचणीचं बटण तीन महिन्यांतून एकदा दाबायचं असतं.

या सगळ्याला एक वही हवी. मोबाइलमध्ये नको, वहीच. कोणत्या पाखीला किती कौलं बदलली, काचेची पट्टी कधी लावली, चुना कुठल्या दुकानातला, सुरखीचं प्रमाण काय जमलं. ती सुनेच्या, लेकीच्या, शेजारच्या भाडेकरूच्या अक्षरातही भरलेली असावी. चुना फसला तर तेही लिहावं. पुढच्या वर्षी सगळ्यात उपयोगी पान तेच ठरतं.

शेवटी एक मागणी. चुन्याचं काम जाणणारे कडिये या शहरात कमी होत चालले आहेत आणि जे आहेत त्यांना सिमेंटच्या कामाइतकी मजुरी कोणी देत नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन सुरू केलं ते हाताचे हुन्नर शिकवण्यासाठीच. त्याच परंपरेतल्या संस्थांनी कोजागिरीच्या आधी दोन दिवसांचा चुन्याचा वर्ग घ्यावा, गवंड्यांसाठी आणि घरच्या माणसांसाठी एकत्र, अशी विनंती आपल्या वृत्तपत्राने लावून धरावी. पहिल्या दिवशी चुना विरवायचा आणि भिंत भिजवायची, दुसऱ्या दिवशी गाळायचा आणि पहिला हात द्यायचा. कळी, ड्रम आणि धुतलेली वाळू यांची सोय आम्ही करू. एक जुनी भिंत आणि सावली एवढंच लागेल.

आपले,
जुन्या घरांत राहणारे आणि त्यांची डागडुजी करणारे काही वाचक,
दांडिया बाजार, वडोदरा